डॅशबोर्डमागची लाल वायर

"बॅटरीची वायर काढलीस का?" बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"काढली, बाबा," स्टिअरिंगखाली आडवा झालेला मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला.

डॅशबोर्ड उघडा पडला होता. जुना रेडिओ निघून मागच्या सीटवर गेला होता, त्याच्या जागी मोठा स्क्रीन बसायचा होता. दारांच्या कडेने निळ्या दिव्यांची पट्टी फिरवून झाली होती. बाबा स्टुलावर बसून टॉर्च धरत होते आणि स्वारी खुशीत होती. जन्मभर रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेला माणूस; उघडलेलं यंत्र दिसलं की त्यांची कळी खुलायची. इमारतीतलं कोणी खाली उतरलं की त्याला थांबवून सांगायचे, "लेक गाडी नटवतोय माझी."

लेक गाडी नटवत नव्हता. स्क्रीन आणि दिवे हे निमित्त. खरं काम एवढंच, की किल्लीपासून स्टार्टरकडे जाणारी वायर तोडायची आणि मध्ये एक छुपं बटण बसवायचं. बटण बंद असलं की गाडी ढिम्म हलणार नाही. गेल्या महिन्यात बाबा मोठ्या रस्त्यावर उलट्या बाजूने शिरले होते. शेजारी आई होती. तिचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये होता, आणि हाताला काय झालं असं बाबांनी विचारलं की ती रोज नव्याने सांगायची, "बाथरूममध्ये घसरले." किल्ली लपवून पाहिली, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं आणि दुसरी करून आणली. गाडी विकायचं नाव काढलं, तर जेवण सोडलं. शेवटी मायलेकांनी ठरवलं, गाडी बिघडली म्हणून सांगायचं आणि दुरुस्ती रोज उद्यावर ढकलायची. बाबांना कामापासून लांब ठेवावं तर संशय येणार, म्हणून टॉर्च त्यांच्याच हातात दिला होता. अक्कल गहाण टाकल्यासारखंच होतं ते, पण दुसरं काही सुचलं नव्हतं.

टॉर्चचा उजेड एका जागी थांबला.

"ही लाल वायर का तोडलीस?"

"स्क्रीनसाठी."

"स्क्रीनला स्टार्टरची वायर लागते?"

बाबा वाकले. वायरवरून बोट फिरवत कार्पेटखालच्या बटणापर्यंत गेले आणि तिथेच बघत राहिले. त्यांचा चेहरा एकदम जागेवर आला होता, पूर्वीसारखा. त्या चेहऱ्याची मुलाला फार आठवण यायची. आत्ता मात्र त्याची भीती वाटली.

"हिचा हात," ते हळू आवाजात म्हणाले, "घसरून नाही ना मोडला?"

"नाही, बाबा."

"मी?"

मुलाने मान डोलावली.

बाबांनी हात पुढे केला. "सोल्डरिंग आयर्न दे इकडे."

"राहू दे ना, बाबा. काढून टाकतो मी सगळं."

"जोड बघ तुझा. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलीस. मी दहा मिनिटांत शोधून काढीन हे. मला ओळखत नाहीस का तू?"

मुलगा बाहेर आला आणि बाबा कण्हत, गुडघे सांभाळत आत शिरले. आता टॉर्च मुलाच्या हातात होता. बाबांनी टेप सोडवली, तार तापवली, सोल्डर टेकवलं. चकचकीत थेंब पसरून नीट बसला. त्यावर त्यांनी फुंकर मारली नाही. फुंकर मारलेला जोड ठिसूळ होतो, हे त्यांनीच मुलाला शिकवलं होतं. मग बटण तिथून काढून आणखी आत, पत्र्याच्या मागे नेऊन बसवलं.

"तुझ्या आईला जागा सांगू नकोस," ते आतूनच म्हणाले. "मी गोड बोललो की ती सांगून टाकेल."

मुलाला रडू फुटलं. टॉर्च हलला तसे बाबा खेकसले, "उजेड नीट धर!"

काम आटोपलं. स्क्रीन बसला, बॅटरी जोडली, बाबा हात धुवायला वर गेले. मुलगा वायरचे तुकडे गोळा करत होता, तेवढ्यात ते परत खाली आले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, मागून आई.

"चल, बैस," ते आईला म्हणाले. "डॉक्टरांना हात दाखवून आणू तुझा. बाथरूममध्ये पडली म्हणे, आणि मला आत्ता सांगते."

आईने मुलाकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच हो म्हटलं. ती बसली.

"अरे वा! हा स्क्रीन कधी आला?" बाबांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. मग सावकाश काच खाली केली.

"गाडीला कोणी हात लावला होता?"

"मी, बाबा."

"तरीच!" बाबांचा आवाज चढला. वरच्या गॅलरीत दोघंतिघं डोकावली. "नको तिथे बोटं घालायची खोड काही गेली नाही तुझी. भर रस्त्यात बंद पडली असती म्हणजे? मागून एखादा ट्रक आला असता म्हणजे? शेजारी कोण बसलंय ते दिसतंय का?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे." बाबांनी आईचा प्लास्टरमधला हात अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतला. "हिला काही झालं असतं ना, तर जन्मात माफ केलं नसतं मी तुला."