पोह्यांचा डबा

बोटीच्या कठड्याची तार एका खिळीनं खांबाला अडकवलेली होती. खिळीच्या भोकात बारीक पिन होती, पण पिनेची टोकं वाकवलेली नव्हती. तार हलली की पिन केसभर सरकत होती. ईव्हा धक्क्यावर उभी राहून बराच वेळ तेच बघत होती.

"मम्मी, ये ना वर." तेहिलानं बोटीतून हात पुढे केला.

"ती पिन सुटेल."

"कुठली?"

ईव्हानं बोट दाखवलं. टोरोंटोच्या एका हॉस्पिटलात रक्ताच्या तपासण्या करण्यात तिची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. नजरेतून काही निसटत नसे. आणि गेलं वर्षभर रात्री पडल्या पडल्या तिला बोटीचं जे बुडणं दिसत होतं, ते असंच, काहीतरी लहानसं सुटण्यापासून सुरू होत होतं.

उद्या सकाळच्या ओहोटीबरोबर ही बोट नोव्हा स्कोशियाच्या या बंदरातून आयर्लंडला निघणार होती. बोट बार्ब नावाच्या एका पिकल्या केसांच्या बाईची. तिला दोन सोबती हवे होते. एक मिळाला होता, दुसरी जागा तेहिलासाठी होती. पण आई हो म्हणेपर्यंत समुद्र ओलांडणार नाही, असा शब्द तेहिलानं दिला होता. आणि दर फोनवर ईव्हाचं एकच उत्तर होतं. बघू.

"बार्बला पाचपर्यंत सांगायचंय," तेहिला म्हणाली. "नाहीतर शी हॅज समवन एल्स. आज 'बघू' चालणार नाही, मम्मी. यस ऑर नो."

ईव्हाची नजर पिनेवरच होती.

थोड्या अंतरावर तिचा नवरा बेंजामिन भिंतीवरचा फलक वाचत होता. महायुद्धात इथं पाणबुड्यांचा तळ होता. ज्या शेडमध्ये त्या दुरुस्त व्हायच्या, तिथं आता शिकाऊ मुलांच्या शिडाच्या होड्या एकावर एक रचल्या होत्या, लाल, पिवळ्या. भिंतीतल्या मांडीएवढ्या जाड लोखंडी कड्या मात्र तशाच होत्या.

"ईव्हा, ऐक," तो तिथूनच ओरडला. "बंदराच्या तोंडावर लोखंडी जाळं टाकायचे. शत्रूची पाणबुडी आत शिरू नये म्हणून."

"मग आपल्या बोटी बाहेर कशा जायच्या?"

"जाळ्याला दार होतं म्हणे. उघडून द्यायचे."

तो जवळ आला आणि बायकोचा चेहरा बघून हसला. "अगं, आपण कोकणातले ज्यू म्हणजे बुडालेल्या गलबतातली माणसं. नवगावच्या किनाऱ्याला सात जोडपी लागली, त्यांचे आपण. आपल्याला पाणी काय करणार?"

"सात जोडपी वाचली हे सगळे सांगतात," ईव्हा म्हणाली. "बुडाले किती, ते कोणी सांगत नाही."

बेंजामिनचं हसू विरलं. शिडाची एक दोरी डोलकाठीवर टकटक आपटत राहिली.

तेहिला गुडघ्यांवर बसली. खिशातून पक्कड काढून तिनं पिनेची दोन्ही टोकं वाकवली, वर चिकटपट्टीचे वेढे दिले आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग उलट्या बाजूनं पुन्हा.

रक्ताच्या नळीचं बूच ईव्हा असंच तपासायची. हे तिनं मुलीला कधी शिकवलं नव्हतं.

"बाकीच्या पिना?" तिनं विचारलं.

"सगळ्या सकाळीच केल्या. ही लास्ट होती, तेवढ्यात तुम्ही आलात."

बेंजामिननं घरून आणलेला खाण्याचा कूलर उघडला. "मला भूक लागलीय. अरे वा, पोह्यांचा डबा! तेहिला, आत गॅस आहे ना? तुझी मम्मी टोरोंटोहून पोहे घेऊन आलीय." त्यानं आत चाचपलं. "कांदे कुठेयत गं?"

"कांदे नाहीत."

"कांद्याशिवाय कसले पोहे?"

त्याच्या हाताला गूळ लागला. वेलदोड्याची पुडी. मग टॉवेलात गुंडाळलेली खवणी. आणि तळाशी, केळी आणि सफरचंदांच्या मध्ये, अख्खा नारळ.

नारळ हातात धरून तो तसाच राहिला. रेवदंड्याच्या घरी, आणि पुढे टोरोंटोतही, कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की पोहे भिजवून, नारळ-गूळ घालून एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं प्रार्थना होऊन मलिदा वाटला जायचा. निघणाऱ्यासाठी. घरी राहणाऱ्यासाठी नाही.

"म्हणजे तू घरूनच ठरवून..."

"आणलं होतं. काढायचं ठरवलं नव्हतं. तुम्ही काढलंत."

बेंजामिननं नारळ हातात फिरवला. "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इथं कुठून आणू मी?"

"तुम्ही एकटेच दहा जणांइतकं ओरडता."

तेहिला हसली नाही. ती आईकडे बघत होती. "मम्मी?"

ईव्हानं नवऱ्याच्या हातून नारळ घेतला, कानाशी धरून हलवला. आत पाणी होतं. मग तो पोटाशी धरून, मुलीचा हात पकडून, ती बोटीवर चढली. पायाखालचं सगळंच डुललं. मुलीचा हात सोडून तिनं कठड्याची तार धरली, आणि बोट स्थिरावल्यावरही धरून ठेवली.

"खवणी लावते मी," ती म्हणाली. "तू पाच वाजायच्या आत जा. बार्बला सांग, तेहिला येतेय."