ताईसाठी ठेवलेलं

भुंग्याचा कप्पा रिकामा करायला शेवटी ताईच गेली. आई शाळेच्या फाटकापर्यंत आली आणि तिथे तिचे पाय जे थांबले ते थांबलेच. "तू जा. मी आहे इथे," ती म्हणाली.

धाकट्या भावाचे बूट आणि रंगपेटी शाळेतून उचलून आणायची, हे काही सोळा वर्षांच्या मुलीचं काम नव्हे. पण दोन महिने घरात जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. कुणीतरी उठायला हवं होतं.

भुंगा नऊ वर्षांचा, जन्मापासून बहिरा. सतत कुणाच्या ना कुणाच्या भोवती घिरट्या घालायचा, म्हणून भुंगा. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात गेला. बहिऱ्या मुलांच्या या शाळेतली खुणांची भाषा शिकायच्या कितीतरी आधी या बहीणभावांनी घरात स्वतःची भाषा रचली होती. नाकावर मूठ घासली की ‘मी खोटाखोटा रागावलोय’. हनुवटी दोनदा खाली ओढली की ‘हे काका आता काही लवकर उठत नाहीत’. आईबाबांना त्यातलं जेव, झोप, ये आणि नको, एवढंच यायचं. बाकी सगळी भाषा दोघांची. आता ती एकटीची झाली होती, आणि बोलायला समोर कुणीच नसेल तर ती भाषा तरी कसली? दोन महिने ताईचे हात मुके होते.

"मधली सुट्टी आहे, धुडगूस चाललाय नुसता. तू लक्ष देऊ नकोस," वर्गाच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कप्पा दाखवला. बूट, रंगपेटी, एका टोकाला चावून चावून बोथट झालेली लाकडी पट्टी. ताई एकेक वस्तू पिशवीत भरू लागली.

खिडकीपाशी दोन मुलांची चेंडूवरून ओढाओढ चालली होती. धिप्पाड होता त्याने चेंडू पटकावला. दुसऱ्याने गाल फुगवले, पाठ फिरवली, आणि मग हळूच तिरक्या नजरेने बघत नाकावर मूठ घासली.

ताईच्या हातातून पट्टी निसटली.

"बाई, ही खूण याला कुणी शिकवली?"

"ही होय? ही सगळ्यांना येते." बाई जरा ओशाळल्या. "खरं सांगू का, वर्षभर मी ही खुणांच्या पुस्तकात शोधत होते. सापडेचना. म्हटलं, आपलं पुस्तक जुनं झालं असेल. मग मीही वापरायला लागले."

तेवढ्यात धिप्पाडाचं लक्ष ताईकडे गेलं. तिच्या खांद्यावरून पुढे आलेल्या लांब वेणीकडे तो टक लावून बघत राहिला. मग त्याने आपल्या खांद्यावरची, नसलेली वेणी खाली ओढली. त्याचं बघून शेजारच्याने ओढली. बघता बघता चौदाच्या चौदा मुलं आपापली न दिसणारी वेणी ओढत तिच्याकडे बघू लागली. ते तिचं नाव होतं. आजवर एकाच माणसाने तिला त्या नावाने हाक मारली होती.

एवढंसं पोर, शर्टाचं बटण कधी धड लावलं नाही, आणि त्याने कुणाला न विचारता, कुठे गाजावाजा न करता आख्ख्या वर्गाला आपली भाषा देऊन टाकली होती.

इतक्यात मुलांचा लोंढा खिडकीकडे धावला. रस्त्यावरून एक ट्रक चालला होता, मागे भलामोठा आरसा उभा बांधलेला. आरशात आभाळ होतं, आणि घराघरांपुढून ते आभाळ संथपणे सरकत निघालं होतं. मुलांनी एकदमच एक खूण केली. वेणी ओढली, मूठ खिशात घातली आणि खिशावर थाप मारली.

ही खूण ताईने रचलेली नव्हती.

"‘भारी’ म्हणतायत," बाई म्हणाल्या. "काही भारी दिसलं की हेच. हेही पुस्तकात नाही."

ताईने दोन महिन्यांनी पहिल्यांदा हात उचलले आणि धिप्पाडाला खुणेने विचारलं, "म्हणजे काय?"

एवढंही कळत नाही का, अशा नजरेने त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हातांनी सावकाश समजावलं. "ताईसाठी ठेवायचं. भुंगा म्हणायचा, भारी काही दिसलं की सांडायचं नाही. खिशात ठेवायचं. घरी गेल्यावर ताईला द्यायचं."

रोज संध्याकाळी तो दारातूनच हात नाचवत यायचा, हे खरं. ती वहीतून एक डोळा वर करून बघायची, हेही खरं. ते सगळं तो दिवसभर जपून आणत असेल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"आता तो येत नाही," धिप्पाडाचे हात पुढे बोलत होते, "मग आम्हीच ठेवतो. खूप साठलंय."

कुणी सांगितलं नाही, तरी मुलं ढकलाढकली करत रांगेत उभी राहिली. सर्वांत पुढे समोरचे दोन दात पडलेली एक चिमुरडी, दोन्ही हात फ्रॉकच्या खिशांत घट्ट रोवून.

ताईने पिशवी बाजूला ठेवली आणि ती जमिनीवर मांडी घालून बसली.

"बाई," मान न वळवता ती म्हणाली, "फाटकापाशी माझी आई उभी आहे. तिला आत बोलवाल का? म्हणावं, बराच वेळ लागेल. अर्थ मी सांगीन तिला."

चिमुरडीने खिशांतून रिकामे हात बाहेर काढले आणि पालीच्या तुटलेल्या शेपटीपासून सुरुवात केली.