थालीपिठाची साक्ष

"त्या दिवशी सकाळी तुम्ही काय खाल्लंत, ऑफिसर?" निशिगंधाने विचारलं, आणि आरोपीच्या जागी बसलेल्या पुरुषोत्तमकाकांनी कपाळाला हात लावला.

संपलं! ही आपलीच वकील ना? पलीकडच्या गल्लीतली, घरच्यासारखी म्हणून केस हिला दिली, आणि हिला नेमकं तेच उकरून काढायची अवदसा आठवावी?

समोरच्या भाडेकरूच्या नावाने पार्सल आलं, तो घरी नव्हता, म्हणून काकांनी सही करून ठेवून घेतलं, एवढाच काय तो गुन्हा. पुणं सोडून परदेशात आल्यापासून न्यू लिनच्या त्या गल्लीत वीस वर्षं हेच चाललं होतं. कुरिअरवाले हल्ली दुसऱ्या कुणाची बेलसुद्धा वाजवत नसत. पण या पार्सलमधल्या स्पीकरच्या पोटात ड्रग्ज होती. भाडेकरू पसार झाला, कुरिअरवाला म्हणून आलेला माणूस सरकारी ऑफिसर निघाला, आणि कागदावर सही राहिली ती काकांची. शिक्षा झाली तर आठ-दहा वर्षं आत. काकांचं वय सदुसष्ट.

सगळं त्यांनी निशिगंधाला सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून. इन्स्पेक्टरला कोण खाऊ घालतं आणि कशासाठी, हे पुण्यातल्या नोकरीत त्यांनी पुरेपूर पाहिलं होतं. हे बाहेर आलं तर लाच दिली म्हणतील, वर आणखी दोन वर्षं!

काकांनी मागे वळून पाहिलं. सुलभाकाकू छताकडे बघत होत्या. म्हणजे हिनेच सांगितलं! हिच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ.

ऑफिसर धिप्पाड होता, पण आता अवघडला. "एक गोल, गरम भाकरी होती. मध्ये भोक. वर लोणी."

"तुम्ही मागितलीत?"

"छे! मी सही मागितली. ते म्हणाले, हात पिठाचे आहेत, बस जरा, धुऊन करतो. मी नको नको म्हणत होतो. त्यांनी ऐकलंच नाही."

"मग एक खाल्लीत?"

"दोन."

ज्युरीतल्या एका बाईंनी तोंडावर हात धरला. काकांनी डोळे मिटून घेतले.

"आणि तिसरी?"

"ती फॉइलमध्ये बांधून दिली." ऑफिसरने न्यायाधीशांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "व्हॅनमधल्या माझ्या सहकाऱ्यासाठी."

"व्हॅन त्यांच्या दारात उभी होती?"

"नाही. कोपऱ्यावर, डेअरीच्या पलीकडे. आम्ही लपून पाळत ठेवत होतो."

"मग माझ्या अशिलांना ती कशी कळली?"

ऑफिसरने आपली वही उघडली. त्या वेळी लिहून ठेवलेलं त्याला वाचावंच लागलं. "ते म्हणाले, 'तुझा जोडीदार पहाटेपासून गाडीत बसून माझ्या घराकडे बघतोय. भुकेला असेल बिचारा. जा, त्यालाही दे.'"

मग ज्युरीतून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू बाकांवरून पसरत सरकारी वकिलापर्यंत गेलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि हे बोलून झाल्यावर त्यांनी काय केलं?"

"हात धुतले. सही केली. खाली ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं." ऑफिसरने वहीचं पान उलटलं. "फोन नंबरही. मी मागितला नव्हता."

"थँक यू," निशिगंधा म्हणाली आणि खाली बसली.

दुपारी ज्युरी आत गेली आणि चाळीस मिनिटांत बाहेर आली. निर्दोष! काका बसूनच राहिले. शेवटी काकूंनी दंडाला धरून उठवलं.

बाहेर पायऱ्यांवर लख्ख ऊन होतं. काका निशिगंधाला म्हणाले, "अगं, मला वाटलं, तू मला बुडवलंस! लाच म्हटली असती त्यांनी!"

"काका, थालीपिठाची कसली लाच? चोर कधी पहारेकऱ्याला नाश्ता पाठवतो का? पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर माझे चार केस कमी पिकले असते."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "पण माझं ऐकतंय कोण!"

"चुकलो, बायांनो." काकांनी खरोखरच दोन्ही कान पकडले. "आता कुणाचंही पार्सल घेणार नाही. साक्षात ब्रह्मदेवाचं आलं तरी नाही."

निशिगंधा खालच्या पायरीवर थबकली. "असं नका ना म्हणू. गुरुवारी माझं वॉशिंग मशीन येतंय आणि मी दिवसभर कोर्टात. तुमच्या गराजमध्ये ठेवून घ्या. पत्ता तुमचा दिलाय, आणि सही करणाऱ्याचं नावही तुमचंच."

"माझं? कधी दिलंस?"

"झाले की दोन आठवडे."

दोन आठवड्यांपूर्वी खटला सुरूही झाला नव्हता. तेव्हा काका तुरुंगात न्यायची औषधं वेगळी काढून ठेवत होते, आणि ही पोरगी गुरुवारी ते घरीच असणार असं धरून चालली होती.

काकांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी उगाच उन्हाकडे पाहिलं, नाक शिंकरलं, रुमाल खिशात कोंबला आणि काकूंकडे वळले.

"वॉशिंग मशीन म्हणजे आणायला दोघं तरी येतील. भाजणी आहे ना गं?"