परत न आलेली मेल

मेल-सर्व्हरचं हे प्रशिक्षण पार पडलं, तरच डहाणूच्या ऑफिसातली संगिताची नोकरी पक्की होणार होती.

"आता कुणीच नसलेल्या नावावर मेल टाका," कोसबाडच्या वर्गात प्रितेशसर म्हणाले. "पत्ता सापडला नाही म्हणून ती परत आली, की सर्व्हर बरोबर."

संगितानं मनानंच नाव रचलं, वनमाला. लिहिलं, 'पोचली का?'

सगळ्यांच्या मेल परत आल्या. तिची आली नाही.

सरांनी खात्यांची यादी दोनदा तपासली. "या नावाचं खातंच नाही, ताई."

"तुझी वनमाला मेल ठेवून घेतेय गं!" शेजारची सुनिता हसली.

तेवढ्यात, रजेवरची माणसं लावून ठेवतात तसलं आपोआप जाणारं उत्तर वनमालाच्या नावानं आलं.

'मी सोमवारी डहाणूला रुजू होते. तोवर माझी खुर्ची संगिता सांभाळते आहे.'