उस्तादांची काठी

छप्पन साली नागपूरच्या विद्यापीठात उस्तादांना अरबी शिकवायला घेणार होते. "त्यांचे उच्चार गावठी आहेत," असं सांगून त्यांच्याच शिष्यानं, मुनीरनं, ती जागा मिळवली. उस्ताद त्या अपमानानं खंगून वारले.

बरसीला, म्हणजे वर्षदिनाला, मुनीर मंगरूळपीरला उस्तादांच्या घरी दुआ पढायला आला. पहिल्याच ओळीला जमिनीवर काठी आपटली. उच्चार चुकला की उस्ताद तशीच आपटत, मग पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागे.

काठी तर समोर खुंटीला होती.

मुनीरनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा आवाज आला.

"काहून अडले, प्रोफेसरसाहेब?" उस्तादांची बायको जैतूनबी म्हणाली.

दुआला जमलेला एकेक जण उठून गेला. मुनीरचा घसा फाटला. तोही उठू लागला. काठी वाजली, आणि त्याचे गुडघे आपोआप जमिनीला टेकले.

जैतूनबीनं दाराला कडी घातली.

"म्हन बेटा. तुह्या उस्तादाईले आता कुठीच जायाचं नाही."