पानगळीचा वेग

चष्मेवाल्याने खिशातून मऊ रुमाल काढला आणि रेकॉर्ड प्लेअर पुसायला घेतला.

"अरे, नको!" मुलगी कुजबुजली. "बाबा कुणाला हात लावू देत नाहीत त्याला."

"केवढी धूळ आहे!" तो म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. धूळ दिसली की हात आपोआप चालायचा. त्यातून आज तो हिला मागणी घालायला आलेला, म्हणजे घाबरलेला. त्याने झाकण पुसलं, कडा पुसल्या, मागची बाजूही सोडली नाही. मागे कुठेतरी 'टक्' असं वाजलं. ते फक्त मुलीच्या आईने ऐकलं. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

तेवढ्यात मुलीचे बाबा, म्हणजे सर, आतून आले. करडा स्वेटर, गळ्याभोवती मफलर. थंडी अशी काही नव्हती, पण बाहेर झाडांची पानं पडायला लागली होती, आणि पानगळीत सर तसेच असत. ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. दरवर्षी या दिवसांत कपाटातून पियानोच्या रेकॉर्डी निघत आणि घरात हसण्यावर बंदी येई. त्यांतल्या सगळ्यांत लाडक्या रेकॉर्डवर सरांनी चार लेख लिहिले होते. चारही लेखांचं म्हणणं एकच: माणूस एकटा आहे. लेखांचे वाचक मोजले तर त्यात तथ्य होतं.

जावई पारखायची त्यांची रीतही हीच. पगार विचारायचा नाही, घराणं विचारायचं नाही. रेकॉर्ड लावायची आणि मुलाचा चेहरा बघायचा. पहिला मुलगा घोरला. दुसऱ्याने विचारलं, "यात गाणं कधी सुरू होतं?" दोघांना चहासुद्धा मिळाला नाही.

म्हणून मुलीने चष्मेवाल्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. डोळे मिटायचे, पण झोपायचं नाही. शेवटी एक उसासा. बस्स.

"ऐका," सर म्हणाले. "एकेक पान गळताना ऐकू येईल." त्यांनी सुई टेकवली आणि डोळे मिटले.

पानं गळाली नाहीत. शाळा सुटल्यासारखी धावत सुटली. पियानो दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरला, खाली एक गिरकी घेतली आणि पुन्हा वर पळाला. चष्मेवाल्याने ठरल्याप्रमाणे डोळे मिटले होते. पण आधी त्याच्या पायाने ठेका धरला, मग गुडघ्याने, आणि शेवटी त्याला चक्क हसू फुटलं. मुलीने कपाळावर हात मारून घेतला.

सरांनी डोळे उघडले. "काय केलंत तुम्ही?"

"पुसलं, सर. नुसतं पुसलं."

सर वाकून मागे बघू लागले. "वेगाचा खटका! जागेवरून हललाय!"

"जागेवर आलाय," मुलीची आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"मशीन नवीन होतं आणि ही पाळण्यात होती. काही केल्या झोपेना, म्हणून मी खटका खाली करून वेग कमी केला. ही झोपली. तेवढ्यात तुम्ही आलात, ऐकलंत आणि डोळे पुसत म्हणालात, 'काय ही सुरांची खोली!' म्हटलं, राहू दे."

"सव्वीस वर्षं?"

"अहो, पहिला लेख छापून आला. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

"आई, म्हणजे मघाशीच कळलं होतं तुला?"

"टक् वाजलं तेव्हाच. म्हटलं, हाही पोरगा घोरायला नको."

रेकॉर्ड आपली बागडत होती. सरांनी खटक्याकडे बोट नेलं. बोट तिथेच थांबलं. मग सगळ्यांना दिसलं, की सरांच्या सपातेचं टोक हलतंय. तालात.

त्यांनी बोट मागे घेतलं आणि मफलर काढून खुर्चीवर टाकला.

"पानगळीत मुळातच एक सुप्त आनंद असतो," ते घसा साफ करत म्हणाले. "पाचव्या लेखात मी ते मांडणारच होतो."

मग ते कपाटाकडे वळले आणि रेकॉर्डींचा अख्खा गठ्ठा बाहेर काढून त्यांनी चष्मेवाल्याच्या हातात दिला.

"धरा, जावईबापू. या सगळ्या आता पहिल्यापासून ऐकायला हव्यात."