तिसरा धडा

आठ महिन्यांपूर्वीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, "सर, ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर नक्षी काढायला शिकवणारं तुमचं पुस्तक घेतलं. पण तिसऱ्या धड्यातला 'स्तर' पडद्यावर सापडत नाही. माझंच डोकं कमी असेल. तुम्ही सांगितलंत तर ठीक, नाहीतर नाद सोडते."

पुस्तकात चूक निघेल या भीतीने मी ते पत्र शब्दकोशात दडवलं. काल ते पुन्हा हाती आलं. धीर करून बायकोला संगणकापुढे बसवलं आणि तिसरा धडा दिला.

"अहो, 'स्तर' कुठंय? इथे सगळं इंग्रजीत आहे."

"ते काय, लेयर."

"मग तसं लिहायचं ना! हौस तुमची, आणि अडाणी ठरायचं आम्ही."

कोश धुंडाळून मी प्रत्येक बटणाला मराठी नाव दिलं होतं. पडद्यावर कोणतं दिसतं, ते कुठेच लिहिलं नव्हतं. आठ महिने त्या बाई स्वतःला दोष देत असतील.

आज बटणांची चित्रं काढून, शेजारी पडद्यावरची नावं लिहून तो धडा नव्याने केला. खाली लिहिलं, "बाई, डोकं माझं कमी पडलं. नाद सोडला असेल तर पुन्हा धरा." आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.